आचंद्रार्क

डोंगरांच्या कुशीतल्या एका मुलखात पूर्वी एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्याजवळ कोणत्या राजाची सनद नव्हती की हाताशी शिपाई नव्हते; पण जिथे पंचांचे एकमत होईना, तिथले लोक बैलगाडी पाठवून त्यांना घेऊन जात, आणि त्यांनी दिलेला निवाडा दोन्ही बाजू मुकाट्याने मानत. त्यांच्याजवळ त्र्यंबक नावाचा एक तरुण शिष्य होता. बुद्धीने तल्लख, स्वभावाने सरळ, अन्याय पाहिला की ज्याचा चेहरा लाल होतो असा. शास्त्रवचने त्याला मुखोद्गत होती आणि भारदस्त शब्दांचा विलक्षण सोस होता. ‘नेहमी’ म्हणून त्याचे समाधान होत नसे, तो ‘निरंतर’ म्हणे. ‘मुलाबाळांनी’ असे न लिहिता तो ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ असे लिही. आणि त्याचा सर्वांत लाडका शब्द होता ‘आचंद्रार्क’. चंद्र आणि सूर्य आकाशात आहेत तोवर. जुन्या दानपत्रांच्या शेवटी त्याने तो वाचला होता आणि तो शब्द उच्चारताना त्याच्या अंगावर रोमांच उभे राहत.

“त्र्यंबका,” आचार्य कधी कधी हसून म्हणत, “तुझे शब्द तुझ्यापेक्षा फार दीर्घायुषी आहेत.”

त्र्यंबकाला ती स्तुती वाटे.

एका श्रावणात त्यांना तळवण नावाच्या गावाहून बोलावणे आले. तिथे जे घडले होते ते गाडीवानाने त्यांना वाटेतच सांगितले.

तळवणात दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा मोठा बांध घालून पूर्वजांनी तळे अडवले होते. बांधाच्या पोटात एक दगडी मोरी होती. पाणी फार चढले की मोरीचे दार उचलून ते बाजूच्या ओढ्यात सोडायचे, हे काम पाटकऱ्याच्या घराण्याकडे होते. दार उचलायची लोखंडी किल्ली पाटकऱ्याच्या कमरेला असे. त्या वर्षी ती रायाजी पाटकऱ्याच्या कमरेला होती. रायाजी वाईट माणूस नव्हता. व्यसनी नव्हता, आळशी नव्हता. अनेक पावसाळे त्याने बांधावर उभ्याने काढले होते. त्याला नाद होता तो फक्त कुस्त्यांचा.

नागपंचमीच्या दिवशी शेजारच्या गावात कुस्त्यांचा फड होता. तळे काठोकाठ भरलेले होते, पण सकाळी आभाळ उघडले, ऊन पडले. ‘एवढी एक जोड बघतो नि येतो,’ असे बायकोला सांगून रायाजी गेला. किल्ली कमरेलाच राहिली. आणि दुपारी वरच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. तळ्याचे पाणी बांधाच्या माथ्याशी आले. रायाजीच्या मुलाने, भिवाने, पाण्यात उतरून नुसत्या हातांनी मोरीचे दार उपटायचा प्रयत्न केला. ते हलले नाही. मग मोरीच्या शेजारून माती ढासळली आणि सबंध तळे बांधाखालच्या वाडीवर गेले.

सणाचा दिवस होता. वाडीतल्या बायका वारूळ पुजायला माळावर गेल्या होत्या. म्हणून त्या तेवढ्या वाचल्या. घरी राहिलेले म्हातारे, पुरणाच्या दिंडांची वाट पाहत बसलेली पोरे आणि दुपारचे आडवे झालेले पुरुष वाचले नाहीत. बायका माळावरून गाणी म्हणत उतरल्या तेव्हा खाली वाडी नव्हती.

संध्याकाळी रायाजी परतला. त्याने पळून जायचा प्रयत्न केला नाही. लोकांनी त्याला देवळाच्या खांबाला बांधले. कुणी दगड उचलले, कुणी कोयते आणले. ‘आचार्यांना बोलावतो, ते देतील ती शिक्षा सगळ्यांनी मानायची,’ असे पाटलाने सर्वांना बजावले, म्हणूनच तो जिवंत होता.

आचार्यांनी सकाळीच सभामंडपात बसून एकेकाचे म्हणणे ऐकले. शेवंता नावाची एक बाई पुढे आली. तिचा नवरा आणि पोटची लहान मुलगी, दोन्ही गेले होते. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, “माझी सोनी मला हाका मारत आसंल का हो? माळावर आमी गाणी म्हणत हुतो. ऐकूच आलं न्हाई काई.”

सभेत कुणाला मान वर करवेना. मग आचार्य रायाजीकडे वळले.

“तळं भरलेलं होतं, ठाऊक होतं तुला?”

“व्हय.”

“किल्ली कुठं होती?”

“माझ्याजवळ, महाराज.”

“आणखी काही सांगायचंय?”

रायाजीने नकारार्थी मान हलवली.

आचार्यांनी सभेवरून नजर फिरवली. मग त्यांनी शिष्याकडे पाहिले. “त्र्यंबका, हा निवाडा तू लिही.”

अशी आज्ञा त्याला पूर्वी कधीच झाली नव्हती. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात तो कचरला असता. पण शेवंताचा प्रश्न त्याच्या कानात होता, समोर त्या बायका बसल्या होत्या, आणि तो कचरला नाही. असा अपराध पुन्हा कुणाच्या हातून घडता कामा नये, इतकी जबर शिक्षा हवी, एवढेच त्याच्या मनात होते. एका बैठकीत त्याने निवाडा लिहिला आणि उभा राहून खणखणीत आवाजात वाचला:

“रायाजी पाटकरी व त्याचा वंश यांस या गावचे पाणी, या गावचा विस्तव व या गावची वाट बंद असावी. त्यांच्याशी कोणीही रोटीव्यवहार वा बेटीव्यवहार करू नये. त्यांच्या घरात कोणी पाऊल ठेवू नये. जो ठेवील तो त्यांच्यातलाच समजावा. हे पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने, आचंद्रार्क चालावे.”

शेवटच्या शब्दाबरोबर सभामंडप दणाणला. ज्यांना त्या शब्दाचा अर्थ कळत नव्हता त्यांनाही तो कळला. “असाच पायजे!” लोक ओरडले. “आता कसं बोललात!” कुणी त्र्यंबकाच्या पायांना हात लावला. पाटलाने पाथरवटाला पुढे बोलावले. नव्या बांधावर एक मोठा दगड उभा करायचा आणि त्यावर हा निवाडा कोरायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा, असे ठरले. पाथरवटाने दगड निवडूनच ठेवला होता. त्याने छिन्नी हातात घेतली.

“थांब,” आचार्य म्हणाले.

सगळे थांबले.

“निवाडा लिहिला गेला, वाचला गेला. आता माझी एक रीत आहे. हा निवाडा ज्याला ज्याला लागू होतो, त्याच्या समोर जाऊन, त्याचं नाव घेऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून तो सांगायचा. ज्याने लिहिला त्यानेच सांगायचा. सगळ्यांना सांगून झाला की मग दगडाला छिन्नी लावा.”

लोकांत कुजबूज झाली. “आता आन् ही कसली रीत?” एक जण चिडून म्हणाला. “मागं फिरवायचा बेत दिसतोय!”

“मी एक अक्षरही बदलणार नाही,” आचार्य शांतपणे म्हणाले. “त्र्यंबक परत येईपर्यंत मी इथून हलणारसुद्धा नाही.”

त्र्यंबकालाही ही गोष्ट विचित्र वाटली. सभेत वाचलेला निवाडा दारोदार जाऊन पुन्हा सांगण्यात काय अर्थ होता? तरी गुरूंची आज्ञा म्हणून तो निघाला. शेवंता उठली. “मी बी येणार. त्येंची तोंडं बघायचीत मला,” ती म्हणाली. तिच्यामागून अर्धी सभा उठली.

पहिला रायाजी. तो तिथेच खांबाला बांधलेला होता. त्र्यंबक त्याच्यापुढे उभा राहिला. “रायाजी,” त्याने सुरुवात केली आणि सगळा निवाडा न अडखळता सांगितला. रायाजीने मान डोलावली. “माझ्यापुरतं म्हणाल तर हे कमीच हाय, महाराज.” मग त्याच्या कपाळाला आठी पडली. “पर वंश म्हंजी? आमचा भिवा बी?”

“भिवासुद्धा.”

बांधल्यापासून तो माणूस पहिल्यांदा हलला. दोर त्याच्या दंडात रुतला. “त्यानं हातानं दार उपटायला बघितलं हो! नखं निघाली त्याची. त्यानं काय केलं?”

उत्तर द्यायची आपल्याला आज्ञा नाही, असे त्र्यंबकाने स्वतःला सांगितले आणि तो चालू लागला.

रायाजीचे घर गावाबाहेर, फुटलेल्या बांधाच्या टोकाशी होते. निवाडा वाचून फार वेळ झाला नव्हता, पण शब्द त्यांच्या आधी तिथे पोचलेला होता. रायाजीची बायको ठकू अंगणात मातीवर बसली होती. तिच्या शेजारी घागर पालथी पडली होती. ती विहिरीवर गेली होती. तिथल्या बायकांनी तिची भरलेली घागर ओतून टाकली होती. “आमाला सांगा की,” तिने त्र्यंबकाला पाहताच विचारले, “कुठलं पाणी प्यायचं आमी?”

दारात भिवा उभा होता. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली, आणि त्या हातांत त्याने कसातरी धरलेला कोयता. मागचा जमाव पाहून त्याचे डोळे फिरले होते. “पुढं यायचं न्हाई कुणी!” तो ओरडला. “एकानं बी पुढं यायचं न्हाई!”

आणि घराच्या आतून एक किंकाळी आली.

त्र्यंबक जागच्या जागी थिजला. तेव्हा त्याला कुंपणाबाहेर उभी असलेली एक म्हातारी दिसली. काखेत गाठोडे, तोंड काळजीने वाळलेले. ती तानूबाई, गावची सुईण. तिने त्र्यंबकाची बाही धरली.

“तुमीच का ते लिवणारे? मग मला एक सांगा. भिवाची बायकू अडलीय. सकाळधरनं कळा देतीय. आवाजावरनं कळतंय मला, पोर नीट फिरलेलं न्हाई. मी आत ग्येले तर मी त्यांच्यातलीच, असं तुमी वाचलंत म्हनं. माझ्या नातीचं लगीन ठरलंय, बाबा. तवा एवढंच सांगा, ते लागू झालं का न्हाई अजून?”

त्र्यंबकाने शास्त्र आठवायचा प्रयत्न केला. निवाडा केव्हापासून लागू होतो? उच्चारल्यापासून की कोरल्यापासून? त्याला एक पळवाट दिसली. “अजून कोरलेला नाही,” तो म्हणाला.

“वाचला की!” मागून आवाज आला. “वाचला तवाच लागू!”

“वंश म्हणलंय त्यात! हा कोण मग? वंशच!”

एक दगड भिरभिरत आला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. भिवाने कोयता वर केला. ठकू उठून मुलाच्या आडवी गेली. आतून पुन्हा किंकाळी आली, पण ही पहिलीसारखी नव्हती. तिच्यातली ताकद गेलेली होती.

“लौकर बोला,” तानूबाई म्हणाली. “व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. मला हितं हुबं ऱ्हाववत न्हाई आन् आत बी जाववत न्हाई.”

गुरूंनी सांगितले होते: ज्याला लागू होतो त्याच्या समोर जाऊन, नाव घेऊन. त्र्यंबक भिवाच्या समोर गेला. का कोण जाणे, भिवाने त्याला वाट दिली. आत अंधारात बाजेशेजारी गोधडीवर एक तरणी मुलगी पडली होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिचे नाव रखमा. दारात उजेडाच्या बाजूला कुणीतरी आलेले पाहून तिने मोठ्या कष्टाने मान उचलली आणि आशेने विचारले,

“सुईण आली का हो?”

तो कशासाठी आला आहे हे तिला ठाऊक नव्हते. अशा वेळी घरात जी माणसे येतात ती मदतीलाच येतात, असे तिला वाटत होते.

त्र्यंबकाने तोंड उघडले. “रखमा,” एवढा एक शब्द बाहेर आला. पुढचे सगळे शब्द त्याला पाठ होते. आज सकाळीच त्याने ते रचले होते. त्यांतला एकही ओठांपर्यंत येईना.

तो बाहेर आला. “तानूबाई, आत जा.”

“म्हंजी लागू न्हाई?”

“नाही.”

“कुणी सांगितलं न्हाई म्हणून?” जमावातून एक जण पुढे सरसावला. “आचार्यांनी सांगितलं? तू कोण रं सांगणारा?”

“ज्याने लिहिला तो,” त्र्यंबक म्हणाला. त्याचा आवाज सकाळच्यासारखा खणखणीत नव्हता, पण ऐकू गेला.

तानूबाई आत शिरलीसुद्धा होती. क्षणात तिचा आवाज आला, “पाणी! ऊन पाणी पायजे! घरात थेंब न्हाई, कुणी तरी पाणी आणा!”

कुणी हलले नाही. त्र्यंबकाने पालथी घागर उचलली, खांद्यावर घेतली आणि विहिरीच्या वाटेला लागला. विहिरीची वाट जमावातून जात होती. लोक तसेच उभे राहिले. आणि त्यांच्या पुढे, वाटेच्या बरोबर मध्ये, शेवंता उभी होती.

“बाई, वाट द्या,” तो म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावरच्या घागरीकडे पाहिले. “पाणी आणायला चाललात?”

“हो.”

“माझ्या सोनीला लई पाणी मिळालं, बाबा,” शेवंता म्हणाली. “नाकातोंडात मावंना एवढं मिळालं.”

“माझ्याजवळ उत्तर नाही, बाई,” त्र्यंबक म्हणाला. “तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण आत एक बाई अडली आहे. आत्ता मला तेवढंच दिसतंय.”

दोघे समोरासमोर उभे राहिले. तिच्यामागचे लोक तिच्याकडे पाहत होते. ती हलली नसती तर कुणीच हलले नसते, आणि ती काही बोलली असती तर कदाचित त्या अंगणात रक्त सांडले असते. घरातून तिसरी किंकाळी आली. शेवंताचा उजवा हात नकळत आपल्या पोटाकडे गेला. तिने डोळे मिटले, उघडले, आणि ती एक पाऊल बाजूला सरली.

क्षमा केली असे ती म्हणाली नाही. तिने फक्त वाट दिली. पण तिने दिली म्हणून मग सगळ्यांनीच दिली.

त्र्यंबकाने आयुष्यात कधी घागर वाहिली नव्हती. येताना त्याचे पाय घसरले, अंगरखा भिजला, खांदा सोलवटला. पुन्हा पाणी लागले तेव्हा तो पुन्हा गेला. मग ठकूने चूल पेटवली, आणि तो अंगणात भिवाच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला. कोयता केव्हाच खाली पडला होता. जमाव पांगला नव्हता, पण ओरडतही नव्हता. उन्हे कलली. आणि मग आतून एक बारीकसा, चिडका, अगदी नवा आवाज आला.

ठकू पदराने तोंड पुसत दारात आली. “मुलगी झाली,” ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते तिलाच कळत नव्हते.

थोड्या वेळाने तिने फडक्यात गुंडाळलेले ते बाळ बाहेर आणले आणि रीतीप्रमाणे, जो थोर माणूस समोर होता त्याला दाखवले. त्र्यंबक उठून उभा राहिला. ज्याला ज्याला निवाडा लागू होतो, त्यांच्यात हीही होती. तिचे नाव घ्यायचे होते; तिला अजून नाव नव्हते. तिच्या डोळ्यांत पाहायचे होते. तिने अजून डोळे उघडले नव्हते. पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने, असे त्याने सकाळी लिहिले होते, ते हिच्याबद्दल. ही मोठी होईल, तहान लागेल, विहिरीवर जाईल, आणि तिथल्या बायका हिची घागर ओततील. का ओतायची हे तेव्हा त्यांनाही आठवत नसेल. फक्त दगडावर लिहिलेले असेल.

त्याने दोन्ही हात जोडले आणि तो देवळाकडे परत निघाला.

आचार्य म्हटल्याप्रमाणे जागचे हलले नव्हते. पाथरवट छिन्नी मांडीवर ठेवून बसला होता. लोक पुन्हा सभामंडपात जमले, पण सकाळची धग त्यांच्यात उरली नव्हती.

“सांगून झालं?” आचार्यांनी विचारले.

“एकाला सांगितलं,” त्र्यंबक म्हणाला. “बाकीच्यांना सांगता आलं नाही, गुरुजी. मी सकाळी जे लिहिलं ते मला मागे घेऊ द्या.” आणि घडलेले सगळे त्याने सभेपुढे सांगितले. स्वतःची पळवाटही त्याने वगळली नाही.

आचार्यांनी त्याला जवळ बसवले.

“रायाजीचा अपराध काय होता?” ते म्हणाले. “वाडी बुडावी असं त्याच्या मनात कधीही नव्हतं. बांधाखाली कोण राहतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण फडाकडे निघताना त्याने तिकडे मान वळवून पाहिलं नाही. दुपारचा एक डाव, आणि त्याचा भोग या बायकांना जन्मभर. त्यांच्या मागेही तो संपायचा नाही. या वाडीत ज्या सुना यायच्या होत्या त्या येणार नाहीत, जी नातवंडं व्हायची होती ती होणार नाहीत. तो परिणाम पुसायची ताकद माझ्यात नाही, कुणातच नाही. कृत्याचा आरंभ तेवढा माणसाच्या हाती असतो. ते कुठवर जाईल हे त्याला विचारून ठरत नाही. आज सकाळी तू लिहायला बसलास तेव्हा मी तुझ्याकडे पाहत होतो, त्र्यंबका. तुझ्या मनातही वाईट काही नव्हतं. पण तुझ्या शब्दाखाली कोण राहतं, हे तूही मान वळवून पाहिलं नाहीस. एक बांध फुटला तेवढा पुरेना, म्हणून आपण सगळे मिळून दुसरा फोडायला बसलो होतो.” त्यांनी पाथरवटासमोरच्या दगडाकडे पाहिले. “आचंद्रार्क हा शब्द दानपत्रात शोभतो. देताना माणसाने नजरेपलीकडचंही द्यावं. शिक्षा करताना मात्र जेवढं डोळ्यांना दिसतं, त्याच्या पुढे जाऊ नये.”

मग शेवंता उभी राहिली.

“मग आमची माणसं गेली, त्याचं काय?” ती म्हणाली. “त्याला तसाच सोडणार?”

आचार्यांनी शिष्याकडे पाहिले. उत्तर त्यानेच द्यायचे होते.

त्र्यंबक उठला. या वेळी त्याने काही लिहिले नाही. “रायाजीला सोडायचं नाही,” तो म्हणाला. “आजपासून किल्ली त्याच्याकडे नको. बांधाची माती त्याने वाहायची. वाडीतली पडलेली घरं त्याने उभी करायची, आणि ज्यांच्या घरात नांगर धरणारा उरला नाही त्यांची शेतं त्याने कसायची. अंगात बळ आहे तोवर. हे त्याच्या एकट्याचं. भिवा, ठकूबाई, रखमा आणि आज जन्मलेली ती मुलगी, यांचं पाणी कुणी तोडायचं नाही.”

“अन् मला त्याचं तोंड बघवत नसंल तर? माझं शेत त्यानं कसावं असं मला वाटत नसंल तर?”

“तर तुमच्या शेतात त्याने पाय ठेवायचा नाही. तुमचं शेत गाव कसेल. आणि तुम्ही त्याचं तोंड बघू नका, बाई. आज नाही, कधीच नाही. तुम्ही आहात तोवर तो तुमचा हक्क आहे. तो मी तुमच्याकडून काढून घेणार नाही.”

“बरं,” एवढेच म्हणून शेवंता खाली बसली, आणि त्या सकाळपासून पहिल्यांदाच रडू लागली. बायकांनी तिला मध्ये घेतले.

पाथरवटाने अडखळत विचारले, “मग ह्या दगडाचं काय करू?”

“चांगला दगड आहे,” आचार्य म्हणाले. “नव्या मोरीला लाव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुशिष्य परत निघाले. पाटलाने गाडी देऊ केली होती, पण आचार्यांना थोडे चालावेसे वाटले. बांधाच्या टोकापाशी रायाजी डोक्यावर मातीची पाटी घेऊन चालला होता. त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. गाव मागे पडल्यावर त्र्यंबकाने मनात सलत असलेला प्रश्न विचारला.

“गुरुजी, माझा निवाडा चुकला आहे हे आपल्याला ऐकताक्षणीच कळलं होतं. मग तिथेच का नाही सांगितलंत?”

“मी ‘चूक’ म्हणालो असतो,” आचार्य म्हणाले, “तर तू ‘आचंद्रार्क’च्या जागी दुसरा बरा शब्द शोधला असतास.”

त्र्यंबक ओशाळून हसला.

“आणि त्या घरात बाई अडलेली आहे, तेही आपल्याला ठाऊक होतं?”

“नाही रे,” आचार्य म्हणाले. “मला कसं ठाऊक असणार? घर होतं, म्हणजे आत कुणीतरी असेल, एवढंच मला ठाऊक होतं.”